काउन्सेलिंगला जायचं का नाही, नागपूरवाल्यांसाठी एकदाचं सगळं सांगून टाकते

"मला थेरपीची गरज आहे का" हा प्रश्न स्वतःला विचारूच नका. असा विचारला की माणूस सहा-सहा महिने तोच घोळवत बसतो, कारण हो म्हणायचं तर आधी स्वतःला आजारी म्हणवून घ्यावं लागतं आणि ते कोणालाच जमत नाही, मग "आपलं काय एवढं नाही बाप्पा, लोकांचे केवढे केवढे प्रॉब्लेम असतात" म्हणायचं आणि विषय बंद. त्यापेक्षा प्रश्न छोटा करा, एकदा जाऊन भेटायचं का? एक भेट, पाऊण-एक तासाची. तिथे तुम्ही काही सही करून देत नाही, पुढच्या वेळी नाही गेलात तर कोणी घरी येत नाही.

मी स्वतः गेलेली आहे, मधूनच जीव घाबरायचा त्यासाठी, आणि तेव्हापासून ओळखीच्या बायका, भाचे, नवऱ्याचे मित्रसुद्धा (हे सगळे "एका मित्रासाठी विचारून राहिलो होतो वहिनी" असंच म्हणतात) विचारत असतात, म्हणून इथे सगळं लिहून टाकते. मी डॉक्टर नाही हे लक्षात ठेवूनच वाचा.

आणि एक गोष्ट सगळ्यात आधी. तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या डोक्यात मरून जायचे विचार येत असतील तर हा लेख वाचत बसू नका, अपॉइंटमेंट शोधत बसू नका. १४४१६ लावा, ती सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. त्यातून जास्त वाटलं तर सरळ मेडिकल कॉलेजच्या नाहीतर मेयो हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत घेऊन जा, किंवा ११२ हा आणीबाणीचा नंबर लावा. त्या माणसाला एकटं सोडू नका, घरात फवारणीचं औषध, गोळ्यांचा साठा असेल तर उचलून बाहेर ठेवा. आणि "पोलीस केस होईल" या भीतीपायी घरात लपवू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे की असा प्रयत्न केलेला माणूस प्रचंड ताणात होता असंच धरायचं, आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे.

बोलून बोलून होतं काय?

लोकांना वाटतं तिथे कोणीतरी शहाणा माणूस बसला असतो आणि तो सल्ला देतो. सल्ला तर आपल्याकडे पानठेल्यावर फुकट मिळतो. थेरपिस्ट जर पहिल्याच भेटीत "असं करा ना, लग्न करून टाका" किंवा "नोकरी सोडून द्या" म्हणायला लागला तर तो आपल्या मामाचंच काम करून राहिलाय, फक्त पैसे घेऊन. खरं काम वेगळं असतं, तुमचं डोकं कुठल्या रस्त्यानं जाऊन तुम्हाला अडकवतं ते तुमच्यासोबत बसून शोधायचं आणि तो रस्ता बदलायची प्रॅक्टिस करवून घ्यायची.

एक उदाहरण घेऊ, सगळ्यांना पटेल असं. एक काकू आहेत त्रिमूर्ती नगरच्या, पोरगा पुण्याला हिंजवडीत. रात्री साडेनऊला फोन लावला, त्यानं उचलला नाही. पाच मिनिटांत काकूंच्या डोक्यात बाईक, ट्रक, हॉस्पिटल सगळं येऊन गेलं, छातीत धडधड, तळहाताला घाम. मग लागोपाठ फोन, मग रूममेटला फोन, मग रूममेटच्या आईला अकोल्याला फोन. अकरा वाजता पोरगा वैतागून बोलतो, "अगं मीटिंगमध्ये होतो, किती फोन करते." भांडण होतं, पण काकूंना त्या क्षणी जाम बरं वाटतं आणि घोळ नेमका तिथेच आहे, कारण डोकं शिकतं की मी एवढे फोन लावले म्हणून तो सुखरूप निघाला. म्हणजे उद्या रात्री परत तेच.

आता सीबीटी (विचार आणि वागण्याची सवय बदलायची थेरपी) करणारी थेरपिस्ट काकूंना "काळजी करू नका" म्हणत नाही, ते तर घरातले सगळे म्हणून थकले. ती एक कागद देते, त्यावर रकाने पाडलेले असतात. काय झालं. डोक्यात पहिला विचार कोणता आला. तो किती टक्के खरा वाटला. अंगात काय झालं. मी काय केलं. काकू लिहितात, अ‍ॅक्सिडेंट झाला, ९५ टक्के. मग ती विचारते, असं याच्याआधी कितीदा वाटलं आणि त्यातलं खरं किती निघालं, फोन न उचलायची अजून कारणं कोणकोणती असू शकतात, लिहा. काकू लिहितात, मीटिंग, अंघोळ, चार्जिंग, झोपला, मित्रांसोबत आहे आणि आईचा फोन पाहून मुद्दाम उचलला नाही (हे लिहायला काकूंना जड जातं). परत टक्के विचारले की ९५ चे ६० झालेले असतात. शून्य होत नाहीत आणि कोणाला शून्य करायचेही नसतात. मग पुढच्या आठवड्याचा प्रयोग ठरतो, पहिला फोन उचलला नाही तर अर्धा तास दुसरा लावायचा नाही, आणि त्या अर्ध्या तासात भीती कुठवर चढते आणि आपोआप कधी उतरायला लागते ते घड्याळ पाहून लिहायचं. पहिल्यांदा काकू बारा मिनिटांतच फोन लावतात, तेही लिहून आणायचं, त्यावर कोणी ओरडत नाही.

बस, हेच आहे. जादू नाही. ही पद्धत आरन बेक नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६० च्या दशकात बसवली, त्याच्या थोडं आधी अल्बर्ट एलिस यांनी आरईबीटी आणली होती, मराठीत तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात आणि आपल्या महाराष्ट्रात ती शिकलेले बरेच लोक सापडतात. या दोन्हीत घरचा अभ्यास असतो, साधारण सहा ते वीस भेटीत काम होतं. अभ्यास न करता नुसतं दर आठवड्याला जाऊन बोलून आलात तर तेवढा फरक पडत नाही, हे मी अनुभवावरून सांगते.

बाकी प्रकारही आहेत. ओसीडी असेल, म्हणजे गॅस बंद केला का ते दहादा पाहणं किंवा हात धूत बसणं, तर त्याला ईआरपी लागते, त्यात भीती वाटते ती गोष्ट मुद्दाम थोडी थोडी करायची आणि मग तपासायचं नाही, धुवायचं नाही. ऐकायला क्रूर वाटतं पण ओसीडीत हीच चालते, नुसतं बालपणावर बोलून हात धुणं थांबत नाही. झोपेसाठी वेगळी सीबीटी आहे, तिला सीबीटी-आय म्हणतात, आणि जुन्या निद्रानाशावर गोळीच्या आधी ती करावी असं डॉक्टर लोकांच्या गाइडलाइनमध्येच आहे, पण आपल्याकडे मेडिकल स्टोअरवाला ओळखीचा असला की झालं, चिठ्ठी नसताना अल्प्राझोलाम या घाबरण्या-झोपेच्या गोळ्यांची पट्टी घरात येते आणि मग सुटता सुटत नाही. एखादा जुना धक्का, अपघात, अत्याचार असेल तर ट्रॉमावाली सीबीटी नाहीतर ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचाली करवून घेत त्या आठवणीवर काम करायची पद्धत. भावना एकदम उसळतात, स्वतःला इजा करावीशी वाटते अशांसाठी डीबीटी, त्यात भावना सांभाळायची कौशल्यं शिकवतात, ती मार्शा लिनेहन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी काढली. लहानपणापासूनचे तेच तेच पॅटर्न, दरवेळी चुकीच्याच माणसात गुंतणं वगैरे, त्याला सायकोडायनॅमिक, तिचं मूळ फ्रॉइडपर्यंत जातं आणि ती लांब चालते. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या पद्धतीत थेरपिस्ट फार दिशा देत नाही, नीट ऐकतो, आणि नीट ऐकून घेतलं जाणं हे ज्यांना आयुष्यात मिळालंच नाही त्यांना त्यानंसुद्धा खूप फरक पडतो.

ही नावं पाठ करायची गरज नाही. फक्त "तुम्ही कोणत्या पद्धतीनं काम करता" असं विचारल्यावर समोरच्याला उत्तर देता आलं पाहिजे.

हे आपल्या लोकांवर चालतं का, असं माझ्या एका भाच्यानं विचारलं होतं. चालतं. गोव्यात संगथ नावाच्या संस्थेनं सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत डिप्रेशनच्या पेशंटसोबत हा प्रयोग केला, काउन्सेलर कोण, तर साधे लोक, मानसशास्त्राची डिग्री नसलेले पण ट्रेनिंग दिलेले, सहा ते आठ भेटी, आणि फरक पडला, ते २०१७ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या जर्नलमध्ये छापून आलं. ते काय करायचे तर माणूस उदास झाला की ज्या ज्या गोष्टी सोडून देतो, बाहेर जाणं, लोकांना भेटणं, छोटी कामं, त्या ठरवून एकेक परत सुरू करायला लावायचे.

जावं असं कधी समजायचं

माझं माप सोपं आहे. दोन आठवड्यांच्या वर झाले का, आणि रोजच्या कामात आडवं येऊन राहिलं का. झोप, भूक, ऑफिस, अभ्यास, पोरांवर ओरडणं, देवपूजेतसुद्धा मन न लागणं, टीव्हीसमोर बसून काय पाहिलं ते न आठवणं, यातलं काही. आपल्याकडे मन थेट बोलत नाही, ते पोटातून आणि छातीतून बोलतं. धडधड होते म्हणून ईसीजी काढला नॉर्मल, टू-डी इको नॉर्मल, गॅसच्या गोळ्या चालू, तरी महिन्यातून तीनदा वाटतं की आता गेलो. असं असेल तर हृदयाच्या डॉक्टरला विचारा की हे पॅनिक, म्हणजे भीतीचा अचानक झटका, असू शकतं का, विचारायला लाजू नका. उलटही खरं आहे बरं, थायरॉइड कमी असलं, बी-१२ कमी असलं, हिमोग्लोबिन खाली गेलं तरी माणूस अगदी डिप्रेशनसारखाच दिसतो, आणि आपल्या शाकाहारी घरांमध्ये बी-१२ ची बोंब असतेच, त्यामुळे आधी फॅमिली डॉक्टरकडून या तीन टेस्ट करून घ्या. मानसोपचारतज्ज्ञही हेच पहिले सांगतात.

मोजायचंच असेल तर पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली आहे, फुकट, मराठीत मिळते. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर कोणाला तरी दाखवा. नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करायच्या विचारांचा आहे, त्यात शून्य सोडून काहीही आलं तर बाकीचा स्कोअर कितीही कमी असो, आजच बोला. काळजीसाठी जीएडी-७ आहे, तशीच. यावरून निदान होत नाही, पण "माझं एवढं काही नाही" हे खरं का खोटं ते कळतं.

कधी जायची घाई नको तेही सांगते. घरात कोणी गेलं आणि महिनाभर रडू येतंय तर ते दुःख आहे, माणसं सोबत असू द्या, बहुतेकांना थेरपी लागत नाही, वर्ष झालं आणि घडी बसतच नसेल तर वेगळं. तीन महिने पगार झाला नाही म्हणून झोप लागत नसेल तर थेरपिस्ट पगार आणून देणार नाही, तिथे लेबर ऑफिस आणि वकील, थेरपी झालीच तर त्या दरम्यान तग धरायला. आणि नवरा मारत असेल तर जोडीनं काउन्सेलिंगला जाऊ नका, तिथे खरं बोललं की घरी आल्यावर मार पडतो. आधी १८१ ही महिला हेल्पलाइन आणि तुमची स्वतःची सुरक्षा. फॅमिली कोर्टातही काउन्सेलर असतात पण त्यांचं काम केसमध्ये समेट होतो का पाहणं हे असतं, त्याला थेरपी समजू नका.

कोणाकडे जायचं, इथेच सगळे गोंधळतात

सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून वर मानसोपचाराचं एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. इथे सांगते त्या तिघांत गोळी हाच लिहू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट डॉक्टर नसतो, गोळी लिहू शकत नाही, पण थेरपी आणि टेस्टिंग हेच त्याचं शिक्षण, आणि त्याची नोंदणी आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. सीआरआर नंबर म्हणजे तिथला नोंदणी नंबर विचारा, आरसीआयच्या वेबसाइटवर नाव शोधून पाहता येतं. काउन्सेलर या पाटीखाली मात्र कोणीही बसू शकतो, मानसशास्त्रात एमए करून चांगलं ट्रेनिंग घेतलेली बाईही काउन्सेलर आणि रविवारी हॉटेलात माइंड पॉवरचा कोर्स करून आलेला भाऊही काउन्सेलर. म्हणून काय शिकलात, कुठे, किती वर्षं झाली, हे विचारायचं. चांगला माणूस चिडत नाही, उलट सांगतो. जो चिडला त्याच्याकडे नाहीच जायचं.

मग आधी डॉक्टर की थेरपिस्ट? हलकं-मध्यम डिप्रेशन, काळजी, पॅनिक असेल तर कुठूनही सुरू करा, बोलण्याची थेरपी यात गोळ्यांच्या बरोबरीनं काम करते. पण माणूस बिछान्यातून उठत नाही, जेवत नाही, किंवा आवाज ऐकू येतात, कोणी पाळतीवर आहे असं वाटतं, किंवा चार दिवस झोप नाही तरी अंगात वीज संचारलीय आणि पैसे उडवून राहिला, तर पहिले सायकियाट्रिस्ट. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलरमध्ये औषध हा पाया आहे, बोलणं त्याच्या जोडीला. आणि डिप्रेशनच्या गोळ्यांची सवय लागते ही भीती काढून टाका, सवय लागते ती झोपेच्या आणि घाबरण्याच्या गोळ्यांची. फक्त डिप्रेशनच्या गोळ्यांना असर दाखवायला दोन ते चार आठवडे लागतात आणि त्या मनानं एकदम बंद करायच्या नाहीत.

नागपुरात जागा म्हणाल तर सरकारी चार आहेत. मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स, तिन्हीकडे मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. चौथं कोराडी रोडचं प्रादेशिक मनोरुग्णालय, १८६४ सालचं, ज्याच्या नावानं आपण लहानपणी एकमेकांना चिडवायचो. तिथेसुद्धा ओपीडी आहे, लोक तपासून घेतात, गोळ्या घेतात आणि दुपारपर्यंत घरी येतात, आत गेलं की ठेवून घेतात असं काही नसतं. खरं सांगायचं तर सरकारी ओपीडीत गर्दीमुळे निदान आणि औषध चांगलं होतं, पण दर आठवड्याला पन्नास मिनिटं निवांत बसून थेरपी मिळणं कठीण, तरी तिथल्या सायकॉलॉजिस्टला विचारून ठेवा, कधीकधी जमतं. खाजगीत धंतोली-रामदासपेठ पट्टा तुम्हाला माहीतच आहे. तिथे वेटिंगमध्ये ओळखीचं कोणी भेटणार नाही अशी गॅरंटी नाही, जे नातेवाईक लग्नात भेटत नाहीत ते तिथे भेटतात, पण लक्षात घ्या, तेही तिथे स्वतःच्याच कामानं बसले असतात.

पैसा. फी फोनवरच विचारायची, एका भेटीची किती, किती मिनिटांची, ऐनवेळी रद्द केली तर कापता का. कमी फीचे स्लॉट आहेत का हेही बिनधास्त विचारा, बरेच जण विद्यार्थ्यांना कमी घेतात. मिहानमध्ये किंवा कुठल्या मोठ्या कंपनीत असाल तर ईएपी म्हणून कर्मचाऱ्यांसाठीच्या मदत योजनेत काउन्सेलिंगच्या काही भेटी फुकट असतात, एचआर पोर्टलवर पडलेलं असतं आणि कोणी वापरत नाही. मेडिक्लेममध्ये मानसिक आजार धरायलाच हवा असं २०१७ च्या कायद्यात आहे, पण बहुतेक पॉलिसी अ‍ॅडमिट झाल्यावरच देतात, त्यामुळे थेरपीच्या भेटींसाठी ओपीडी कव्हर आहे का ते पहा, नाहीतर खिशातूनच.

ऑनलाइनही चालतं, काळजी आणि डिप्रेशनसाठी छान चालतं, आणि मग पुण्या-मुंबईचा थेरपिस्टही मिळू शकतो. अडचण घरची असते. टू बीएचकेत सासू हॉलमध्ये, पोरं बेडरूममध्ये, बोलायचं कुठे? ओळखीतल्या एकीनं कार खाली पार्किंगमध्ये लावून सेशन केले. मी एप्रिलमध्ये कूलरच्या खोलीत बसले, म्हटलं आवाजात बाहेर काही ऐकू जाणार नाही, आणि ते खरंच झालं, फक्त थेरपिस्टलाही काही ऐकू गेलं नाही. संध्याकाळचा स्लॉट घ्या आणि कूलर बंद ठेवा.

फोन करायचा आणि पहिली भेट

फोनवर पूर्ण कहाणी सांगायची नसते. "मला दोन-तीन महिन्यांपासून खूप घाबरल्यासारखं होऊन राहिलं, झोप नाही, तुम्ही अशा केसेस पाहता का, फी किती, मराठीत बोलता येईल का." संपलं. भाषेचं मात्र पक्कं विचारा. आपण रागात असलो की अर्धं हिंदी, अर्धं वऱ्हाडी बोलतो, ज्या भाषेत शिव्या येतात ती समोरच्याला कळली पाहिजे, नाहीतर तुम्ही तिथे बसून वाक्यं नीट जुळवत बसाल आणि खरं ते आतच राहील.

पहिल्या भेटीत तेच जास्त विचारतात, कधीपासून, घरी कोण कोण, आधी कधी असं झालं का, दारू, तंबाखूचा खर्रा, गोळ्या कोणत्या चालू. खर्रा लपवू नका, तो मोजायलाच हवा. जाताना मोबाइलमध्ये चार ओळी लिहून न्या कारण तिथे बसलं की सगळं विसरायला होतं. रडू येतं, टिश्यूचा डबा त्याच्यासाठीच ठेवला असतो. आणि तुम्हीही विचारा, तुम्हाला काय वाटतं माझं काय चाललंय, साधारण किती भेटी, फरक पडतोय हे आपण कशावरून ठरवणार. आपलं बोलणं बाहेर जात नाही ना हेही विचारा. कायद्यानं ते गुप्तच ठेवायचं असतं, सुटका फक्त तेव्हा जेव्हा तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कोर्टानं मागितलं तर, आणि पोरगं अठराच्या आतलं असेल तर आईवडिलांना काय सांगायचं ते आधी ठरवून घ्यायचं.

घरी सांगायचं का? सोबत राहणाऱ्या एकाला सांगा, सगळ्यांना नको. "डॉक्टरनं झोपेसाठी काही सेशन सांगितले" एवढ्यावर सासरची बरीच मंडळी शांत होतात, आणि ते खोटंही नाही. जो म्हणेल "काऊन, आम्ही मेलो का, आमच्याशी बोल न," त्याला सांगा की तुमच्याबद्दलच बोलायचंय. (हे मी मनातल्या मनात म्हटलं होतं.)

उठून निघून यायचं ते कधी? तीन सिटिंगमध्ये शंभर टक्के बरा करतो म्हणाला. डॉक्टरच्या गोळ्या फेकून दे म्हणाला. पत्रिका मागितली, मागच्या जन्मात नेतो म्हणाला. दुसऱ्या पेशंटच्या गोष्टी रंगवून सांगितल्या, म्हणजे उद्या तुमची तिसऱ्याला सांगणार. तुमची जात, तुमचं प्रेमप्रकरण, तुम्ही गे आहात यावर प्रवचन दिलं, "ते बदलून देतो" म्हणाला, तर तसली थेरपी ही थेरपीच नाही, भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनंही समलैंगिकता आजार नाही असं जाहीर सांगितलेलं आहे. आणि अंगाला हात लावला, बाहेर भेटायला बोलावलं, तर तिथेच उठायचं, तक्रार करायची, फीचं वाईट वाटून घ्यायचं नाही.

यातलं काहीच नाही, माणूस चांगला आहे, पण तुमचं जुळत नाही, असंही होतं. ब्लाऊज बसत नाही तर आपण शिंपी बदलतो, त्याचं कोणाला काही वाटत नाही, इथेही बदलायचं. फक्त दोन-तीन भेटी द्या आधी, कारण पहिले काही दिवस जास्तच त्रास होतो, झाकलेलं वर येतं, मला दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर घरी येऊन नुसतं पडून राहावंसं वाटायचं. ते नॉर्मल आहे. पाच-सहा भेटी झाल्या, तुम्ही अभ्यासही करून राहिले आणि तरी इकडचा काटा तिकडे नाही, तर तोंडावर म्हणा की फरक वाटत नाहीये. पीएचक्यू परत भरून पहा, आकडा खाली आला का ते दिसेल. चांगला थेरपिस्ट मग पद्धत बदलतो किंवा दुसऱ्याकडे नाहीतर सायकियाट्रिस्टकडे पाठवतो.

आणि बरं वाटायला लागलं की बरेच लोक काय करतात, "मॅडम या आठवड्यात जमत नाही" असं व्हॉट्सॲप दोन-तीनदा करतात आणि गायब. तसं नका करू. आठवड्याचं पंधरा दिवसांवर, मग महिन्यावर आणायचं आणि शेवटची एक भेट ठरवून घ्यायची, त्यात लिहून काढायचं की माझं परत बिघडायला लागलं तर पहिली खूण कोणती असते (माझी खूण म्हणजे रात्री तीनला उठून उद्याच्या भाजीचा विचार) आणि त्या वेळी काय करायचं. तो कागद फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. पुढे कधी परत सुरू झालंच तर त्याच थेरपिस्टकडे दोन भेटींसाठी जाता येतं, तुमची फाइल तिथे असते, पहिल्यापासून सगळं सांगायला लागत नाही.